हार्ड डिस्क दगा देऊ लागली तर

एक्स्टर्नल हार्ड डिस्क काल लावली तेव्हा लगेच दिसली; आज दोन-तीनदा काढघाल केल्यावर दिसते. मोठी फाइल कॉपी करताना अर्ध्यावर अडकते. मधूनच डिस्क निघाल्याचा आवाज येतो आणि पाठोपाठ पुन्हा लागल्याचा. डिस्क पूर्ण बंद पडली असती, तर निदान निर्णय सोपा होता. अशी अधूनमधून चालणारी डिस्क माणसाला प्रयोग करायला लावते, आणि पुष्कळदा डेटा जातो तो या प्रयोगांतच.

या लेखात आपण तपासणीचे टप्पे क्रमाने पाहू. त्यासाठी संगणकाचे खास ज्ञान लागत नाही, पण क्रम मात्र मोडायचा नाही. आधी डिस्कला त्रास न देता बाहेरचे दोष तपासायचे, मग डेटा दुसरीकडे उतरवून घ्यायचा, आणि दुरुस्तीला हात घालायचा तो सगळ्यात शेवटी. घाईत बहुतेकांकडून उलटे होते: आधी दुरुस्तीचे बटण दाबले जाते आणि मग डेटाची शोधाशोध सुरू होते.

पेटीच्या आत काय असते

आपण जिला एक्स्टर्नल डिस्क म्हणतो, ती खरे तर तीन वस्तूंची जोडणी आहे. आत प्रत्यक्ष हार्ड डिस्क असते. तिच्या जोडीला एक लहान सर्किट असते, त्याला ब्रिज म्हणतात. डिस्कची भाषा आणि यूएसबीची भाषा यांच्यातला तो दुभाषा. तिसरी वस्तू म्हणजे बाहेरची केबल, आणि मोठ्या डिस्कला वेगळा वीज-अ‍ॅडॅप्टर.

हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेत असतात. त्यांच्यावरून वाचन-लेखन करणारे बारीक ‘हेड’ तबकडीला न टेकता, काही नॅनोमीटर अंतरावरून सरकत असते. माणसाचा केस साधारण ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून हे अंतर किती कमी आहे याचा अंदाज येईल. म्हणूनच चालू डिस्क उचलणे, आपटणे किंवा टेबलावर सरकवणेही धोक्याचे.

दोष तीन ठिकाणी असू शकतो: बाहेर म्हणजे केबल, पोर्ट, वीज किंवा ब्रिजमध्ये, डिस्कवरच्या नोंदींमध्ये, किंवा खुद्द तबकडी आणि हेडमध्ये. तिन्हींची लक्षणे वरवर सारखी दिसतात, उपाय मात्र वेगळे आहेत. एकावरचा उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो.

टप्पा १: आधी कान द्या

डिस्क टेबलावर स्थिर ठेवून लावा आणि तिच्याजवळ कान न्या. सुरू होतानाची हलकी घरघर आणि नंतरचा एकसारखा मंद आवाज ठीक आहे.

ठरावीक अंतराने टक्-टक् असा आवाज येत असेल, किंवा काही घासल्यासारखे ऐकू येत असेल, तर डिस्क लगेच काढा. हेडला तबकडीवरची जागा सापडत नाही किंवा हेड तबकडीला टेकले आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. अशा अवस्थेत डिस्क जितकी फिरेल, तितका तबकडीवरचा थर खरवडला जाण्याचा संभव. मधले सगळे टप्पे सोडून शेवटच्या टप्प्याकडे जा.

बारीक ‘बीप’ असा आवाज वेगळा. मोटरला तबकडी फिरवता येत नाही, हे त्याचे बहुधा कारण. एक तर वीज कमी पडते आहे, नाही तर हेड तबकडीला चिकटले आहे. दुसरी केबल आणि दुसरे पोर्ट यांवर एकदा लावून पाहा. तरीही बीप आला, तर थांबा.

टप्पा २: लिहिणे बंद, ‘हो’ म्हणणे बंद

आवाज ठीक असेल, तर पुढचा नियम असा की या डिस्कवर आता नवे काहीही ठेवायचे नाही. तिच्यावरच्या फाइली हलवायच्या नाहीत, पुसायच्या नाहीत.

विंडोज अशा वेळी मदतीला धावते. ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’, ‘स्कॅन करून दुरुस्त करू का’, ‘डिस्क इनिशिअलाइज करू का’ असे प्रश्न ते विचारते. तिन्हींना सध्या नकार द्या. या सूचना डिस्क वापरण्याजोगी करण्यासाठी आहेत. तिच्यावरचा डेटा वाचवण्याची हमी त्यांत नाही.

हे समजून घ्यायला सातबारा डोळ्यांसमोर आणा. फाइलमधला मजकूर म्हणजे जमीन, आणि कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंदवही, म्हणजे फाइल सिस्टिम, हा झाला सातबारा. नोंद फाटली तरी जमीन जागेवरच असते, आणि जाणकार माणूस ती शोधून काढू शकतो. झटपट फॉरमॅट मारला की जुनी नोंद रद्द होऊन कोरी वही सुरू होते. त्यानंतर त्या डिस्कवर नवे लिहिले, की हळूहळू जमीनही जाते.

टप्पा ३: केबल

आता स्वस्तातल्या आणि सर्रास सापडणाऱ्या दोषापासून सुरुवात करू. अनेक पोर्टेबल डिस्कना रुंद, चपटी, मधे खाच असलेली दोन भागांची पिन असते. तिला मायक्रो-बी म्हणतात. ही पिन वापराने सैल पडू शकते, आणि मग केबल जरा हलली की संपर्क तुटतो.

या पिनेची एक खोड लक्षात ठेवा. तिचा एक भाग जुन्या, संथ यूएसबी २.० चा असतो आणि दुसरा वेगवान ३.० चा. पिन पुरती बसली नाही, तर डिस्क बंद न पडता केवळ हळू चालते. चांगल्या डिस्कचा वेग सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास असायला हवा; तो तीस-चाळीसवर अडकला असेल, तर आधी पिन पाहा.

शक्य तर दुसरी, एक मीटरपेक्षा आखूड आणि चालते याची खात्री असलेली केबल लावा. टाइप-सी पिन असेल, तर मोबाइलच्या चार्जरची केबल वापरताना जपा. पिन तीच दिसली तरी अशा बहुतेक केबली डेटासाठी २.० च्याच वेगाच्या असतात, आणि काही स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतातच.

केबल बदलल्यावर डिस्क सुरळीत चालली, तरी इथे थांबू नका. टप्पा ६ पर्यंत जा, डेटा उतरवा, मग सुटकेचा श्वास सोडा.

टप्पा ४: पोर्ट आणि वीज

लहान, म्हणजे अडीच इंची डिस्क संगणकाच्या पोर्टमधूनच वीज घेते. यूएसबी २.० च्या नियमानुसार पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि ३.० च्या नियमानुसार ९०० मिलिअँपिअर द्यायची असते. पण थांबलेली तबकडी फिरायला लागते त्या क्षणी काही डिस्क एक अँपिअरच्या जवळपास ओढतात. दमदार पोर्ट हा झटका सोसते, कमजोर पोर्टवर डिस्क सुरू होता होता गळते.

म्हणून टेबलावरच्या संगणकाला डिस्क लावताना मागच्या बाजूचे पोर्ट निवडा. ते थेट मदरबोर्डवर असते. पुढचे पोर्ट आतल्या आणखी एका वायरीने जोडलेले असते. वेगळी वीज नसलेला हब मधे असेल, तर तो काढा. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि बाकीची यूएसबी उपकरणे तात्पुरती काढून टाका. टीव्ही किंवा राउटरवर चालत नाही म्हणून डिस्क खराब ठरवू नका. त्यांची पोर्टे पुष्कळदा अशक्त असतात.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर असतो. अ‍ॅडॅप्टर जुना झाला की दिवा लागतो, डिस्क दिसतेही, पण कामाचा भार आला की व्होल्टेज खाली बसते आणि डिस्क गायब होते. बदली अ‍ॅडॅप्टर लावताना त्यावर छापलेले व्होल्ट, अँपिअर आणि पिनेची धन-ऋण बाजू मूळ अ‍ॅडॅप्टरशी जुळवून घ्या. पिन बसते एवढ्यावर भरवसा नको. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर चुकून लागला, तर डिस्कचे सर्किट जळू शकते.

दिवे वारंवार जात असतील, तर अशी मोठी डिस्क यूपीएसवर ठेवा. लिहिणे चालू असताना वीज गेली, की नोंदवही अर्धवट राहते.

टप्पा ५: संगणकाला काय दिसते

डिस्क दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. तिथे नीट चालली, तर दोष पहिल्या संगणकात. विंडोज वीज वाचवण्यासाठी वापरात नसलेली यूएसबी उपकरणे झोपवते. त्या सेटिंगचे नाव ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’. काही डिस्क या झोपेतून नीट जाग्या होत नाहीत. काम चालू असताना ठीक आणि थोडा वेळ तसेच ठेवले की गायब, असे होत असेल, तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय बंद करा.

आता ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक केली, की यादीत हे नाव सापडते. इथे चारपैकी एक चित्र दिसेल.

पहिले: डिस्क आणि तिचा भाग दिसतो, पण ई किंवा एफ असे अक्षर नाही. अक्षर देऊन टाका. यात डेटाला धोका नाही.

दुसरे: आकार बरोबर दिसतो, पण फाइल सिस्टिमच्या जागी ‘रॉ’ लिहिले आहे. नोंदवही वाचता येत नाही, असा याचा अर्थ. फॉरमॅट करू नका.

तिसरे: आकार दिसतो, पण ‘नॉट इनिशिअलाइज्ड’ लिहिले आहे. डिस्कच्या सुरुवातीचा, भागांचा नकाशा असलेला तुकडाच वाचता आला नाही. इनिशिअलाइज करू नका. त्याने नवा, रिकामा नकाशा लिहिला जातो.

चौथे: डिस्क दिसतच नाही किंवा आकार शून्य दिसतो. केबल आणि वीज तपासून झाली असेल, तर संशय ब्रिजवर किंवा खुद्द डिस्कवर.

विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या दैनंदिनीतही पुरावा मिळतो. सिस्टिम या विभागात ‘डिस्क’ नावाने आलेल्या नोंदींचे क्रमांक पाहा. १५७ म्हणजे डिस्क अचानक निघाली. केबल किंवा विजेकडे पाहा. १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावे लागले. ७ म्हणजे डिस्कवर खराब जागा सापडली. हा आतल्या दोषाचा इशारा.

मॅक वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. विंडोजवर एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क मॅकवर वाचता येते, पण तिच्यावर लिहिता येत नाही. हा बिघाड नाही.

टप्पा ६: डेटा उतरवून घेणे

डिस्क दिसते आहे, फोल्डर उघडत आहेत, अशी वेळ आली की इतर सगळी तपासणी बाजूला ठेवा. आता फक्त कॉपी. डिस्कचे आरोग्य मोजायला नंतर वेळ मिळेल. वाचणारी डिस्क मात्र उद्याही वाचेल असे नाही.

डेटा मावेल एवढी दुसरी डिस्क आधी हाताशी ठेवा. मग क्रम ठरवा. जे जगात दुसरीकडे कुठेच नाही ते आधी: घरातले फोटो, स्वतःचे लिखाण, दुकानाचे हिशेब, कागदपत्रांचे स्कॅन. चित्रपट आणि सॉफ्टवेअर शेवटी. ते पुन्हा मिळतात.

सगळी डिस्क एकदम निवडून कॉपी मारू नका. एकेक फोल्डर घ्या. ज्या फोल्डरवर अडखळते, ते सोडून पुढे जा आणि त्याचे नाव कागदावर लिहून ठेवा. खराब जागा पुन्हापुन्हा वाचायला लावण्यात डिस्कचे उरलेले बळ खर्च होते.

विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची आज्ञा असते आणि ती कामाची आहे. पण तिची मूळ सेटिंग अशी की न वाचता येणारी फाइल ती दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, पुन्हा वाचू पाहते. आजारी डिस्कवर ती तशीच चालवली, तर एकाच फाइलवर दिवस जातील. पुनःप्रयत्न एक आणि थांबा एक सेकंद, असे बदलूनच ती वापरा.

फाइली जागोजागी अडत असतील, तर फाइलवार कॉपीचा नाद सोडून अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत घ्यावी. तिला इमेज म्हणतात. लिनक्सवरचे ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन यासाठी नावाजलेले आहे. ते आधी सहज वाचता येणारे भाग उचलते, अवघड जागा मागे ठेवते आणि शेवटी त्यांच्याकडे वळते. कुठवर काम झाले याची नोंद ते एका फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे मधे डिस्क निघाली तरी तिथूनच पुढे सुरू करता येते.

इथे दोन ठिकाणी गफलत होते. इमेजसाठी मूळ डिस्कच्या पूर्ण क्षमतेइतकी जागा लागते. एक टीबीच्या डिस्कवर फक्त २०० जीबी डेटा असला तरी जागा एक टीबीचीच. आणि आज्ञा लिहिताना मूळ डिस्क आणि प्रत घेणारी डिस्क यांची नावे उलटी पडली, तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटते. नावे दोनदा वाचा, आकार जुळवा, मगच एंटर दाबा. हात कचरत असेल, तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

नोंदवही बिघडलेली असेल, तर पुढचे सगळे प्रयोग या इमेजवर करावेत, मूळ डिस्कवर नव्हे. टेस्टडिस्क हे मोफत साधन हरवलेले भाग शोधते. त्याचाच जोडीदार फोटोरेक नोंदवहीकडे न पाहता फाइलींच्या खुणा ओळखून त्या बाहेर काढतो. मात्र त्यात फाइलींची मूळ नावे आणि फोल्डरची रचना बहुधा मिळत नाही. सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर कधीही साठवू नका.

टप्पा ७: डिस्कची आरोग्यपत्रिका

डेटा सुरक्षित झाला, आता निदान. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते; त्या व्यवस्थेला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्स-मॅकवर स्मार्टमॉनटूल्स ही मोफत साधने ती दाखवतात. काही पेट्यांमधला ब्रिज ही माहिती पुढे पाठवत नाही. तेव्हा पत्रिका कोरी दिसली म्हणून डिस्क मेली असे समजू नका.

लांबलचक यादीतल्या चार ओळी पुरेशा आहेत. क्रमांक ५: निकामी ठरवून बदललेल्या जागा. डिस्कचा पृष्ठभाग सेक्टर नावाच्या लहान तुकड्यांत विभागलेला असतो. बिघडलेल्या सेक्टरऐवजी डिस्क राखीव साठ्यातला वापरते. क्रमांक १९७: संशयित जागा, ज्या वाचता आल्या नाहीत पण अजून बदललेल्या नाहीत. क्रमांक १९८: डिस्कने स्वतः तपासूनही वाचता न आलेल्या जागा. हे तिन्ही आकडे शून्य असावेत. एखादा वाढत असेल, तर डिस्क उतरणीला लागली.

क्रमांक १९९ वेगळा आहे. डिस्क आणि तिच्या बाहेरचे सर्किट यांच्यामध्ये डेटा जाता-येताना झालेल्या चुका तो मोजतो. हा वाढला, तर दोष तबकडीत नसून जोडणीत असण्याची शक्यता जास्त. जोडणी सुधारली तरी जुना आकडा खाली येत नाही. तो पुढे वाढतो का, एवढेच पाहायचे.

या पत्रिकेत नवख्या माणसाला दोन गोष्टी घाबरवतात. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे षोडशमान पद्धतीत, म्हणजे सोळाच्या पटीत दाखवते. त्यातले १० म्हणजे आपले १६. सेटिंगमध्ये जाऊन दशमान करून घ्या. दुसरे, सीगेटच्या डिस्कमध्ये क्रमांक १ च्या वाचन-दोषांसमोर कोट्यवधीचा आकडा दिसतो. त्या कंपनीची मोजण्याची रीतच तशी आहे, त्याने घाबरू नये.

पत्रिका चांगली आली म्हणून निर्धास्तही होऊ नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टच्या चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही आधी दिसला नव्हता. दुसरीकडे, पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. थोडक्यात, वाईट पत्रिकेवर विश्वास ठेवा, चांगल्या पत्रिकेवर विसंबू नका.

टप्पा ८: आता दुरुस्ती

पत्रिका स्वच्छ आहे, डेटा दुसरीकडे आहे, आणि नोंदवहीत गडबड आहे. अशा वेळी विंडोजची ‘चेक डिस्क’ चालवायला हरकत नाही. ती नोंदी एकमेकींशी जुळवते आणि ज्या जुळत नाहीत त्या छाटते किंवा सुट्या तुकड्यांच्या रूपात वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते. आजारी डिस्कवर ती आधीच चालवू नये, ते याचसाठी. जी नोंद केवळ वाचता आली नाही, तिलाही ती चुकीची ठरवू शकते.

त्यापेक्षा साफ मार्ग म्हणजे पूर्ण फॉरमॅट. झटपट फॉरमॅटची खूण काढली, की विंडोज डिस्कवर सगळीकडे शून्ये लिहिते आणि प्रत्येक जागा कसाला लागते. सेकंदाला १०० एमबी वेग धरला, तर एक टीबीला पावणेतीन तासांच्या आसपास लागतील. झाल्यावर पत्रिका पुन्हा उघडा. क्रमांक १९७ शून्यावर आला आणि ५ वाढला नाही, तर डिस्कला दुय्यम कामासाठी संधी द्या. ५ वाढला, तर निरोप द्या.

फाइल सिस्टिम निवडताना एवढे ध्यानात असू द्या: एनटीएफएस चालू कामाची एक रोजनिशी ठेवते, त्यामुळे केबल अचानक निघाली तरी ती सहसा सावरते. एक्सफॅट मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालते, पण तिच्यात अशी रोजनिशी नाही. ती वापरत असाल, तर ‘सेफली रिमूव्ह’ न करता डिस्क कधीच ओढू नका.

बिघाड नसलेले बिघाड

काही तक्रारींत डिस्कचा दोष नसतो. चार जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल, तर डिस्क फॅट३२ पद्धतीची आहे; ती त्या पद्धतीची मर्यादा आहे.

मोठी कॉपी सुरू होताना वेगात आणि थोड्या वेळाने सेकंदाला दहा-वीस एमबीवर येत असेल, तर डिस्क एसएमआर प्रकारची असू शकते. यात जागा वाचवण्यासाठी डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या असतात, त्यामुळे सलग लिहिताना डिस्कला आवराआवर करावी लागते. ती करू द्यावी.

आणि अविश्वसनीय स्वस्तात मिळालेली १६ टीबीची डिस्क काही दिवसांनी फाइली गिळू लागली, तर ती नकली असण्याचा संभव मोठा. अशा पेटीत पुष्कळदा लहानसे मेमरी कार्ड असते आणि क्षमता खोटी दाखवलेली असते. एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत साधन डिस्क भरून आणि परत वाचून खरी क्षमता सांगते.

टप्पा ९: पेटी उघडावी का

पेटीचे प्लॅस्टिक कवच काढणे आणि आतली धातूची डिस्क उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी घरी कधीही करायची नाही. धुळीचा कण हेडखालच्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो.

ब्रिज बिघडल्याचा दाट संशय असेल आणि वॉरंटी संपलेली असेल, तर कवच काढून आतली डिस्क साटा जोडणीच्या डॉकवर लावता येते. पण काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीची पिन थेट डिस्कच्या सर्किटवरच जोडलेली असते, तिथे हा मार्गच नाही. काहींचा ब्रिज डेटा कूटबद्ध करून, म्हणजे कुलूपबंद रूपात लिहितो. अशी डिस्क दुसरीकडे लावली, तर ती रिकामी किंवा रॉ दिसते. असे दिसले तर फॉरमॅट न करता मूळ ब्रिजसकट डिस्क जपून ठेवा.

टप्पा १०: जाणकाराच्या हाती

टक्-टक् आवाज, पडलेली डिस्क, पाण्यात भिजलेली डिस्क, बीप: या सगळ्या प्रयोगशाळेच्या केसेस. फ्रीजमध्ये ठेवणे, टिचकी मारणे, हलवून पाहणे हे उपाय आजही सांगितले जातात. फ्रीजमधून काढलेल्या थंड डिस्कवर हवेतल्या वाफेचे पाणी धरते, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर लगेच. सर्किट बदलण्याचा सल्लाही जपून घ्या. आजच्या डिस्कमध्ये त्या विशिष्ट तबकड्या आणि हेडची जुळणी सर्किटवरच्या चिपमध्ये साठवलेली असते. तसेच दिसणारे दुसरे सर्किट लावून ती सहसा चालत नाही.

डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळा मुंबई-पुण्यात आहेत. डिस्क देण्याआधी चार प्रश्न विचारा. स्वच्छ कक्ष, म्हणजे धूळ गाळलेल्या हवेची खोली, तुमची स्वतःची आहे का? तपासणीचे पैसे किती? डेटा मिळाला नाही तर काय आकारणार? खर्चाचा लेखी अंदाज देऊन, आमची संमती घेऊनच डिस्क उघडणार का? उत्तरे गोलमाल असतील, तर डिस्क परत घ्या. हेडचा दोष असलेली डिस्क पहिल्यांदा कोण उघडते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

वॉरंटीबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करू. वॉरंटीत बदलून मिळते ती डिस्क, आपला डेटा नव्हे. शिवाय जुनी डिस्क बहुधा परत येत नाही. तिच्यावर खासगी कागदपत्रे असतील, तर पाठवण्याआधी विचार करा.

यापुढे

केबल किंवा अ‍ॅडॅप्टर बदलल्यावर दोष गेला, पत्रिका स्वच्छ राहिली आणि पूर्ण फॉरमॅट बिनतक्रार पार पडला, तर डिस्क वापरत राहायला हरकत नाही. कारण सापडले नाही आणि डिस्क ‘आपोआप’ बरी झाली, तर तिच्यावर कोणत्याही गोष्टीची एकमेव प्रत ठेवू नका.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम घरच्यांनाही पाळता येतो: प्रती तीन, साधने दोन वेगवेगळी, आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणजे क्लाउड असेल किंवा गावी भावाच्या कपाटात ठेवलेली डिस्क असेल. कपाटातली डिस्क वर्षातून दोनदा लावून दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. पावसाळी हवेत पिना गंजतात.

आणि आपली डिस्क आज ठणठणीत चालत असेल, तर हे काम आजच करा. ती लावा आणि तिच्यावर असे कोणते फोल्डर आहे जे दुसरीकडे कुठेच नाही, ते शोधा. त्याची दुसरी प्रत आज रात्री झोपण्याआधी तयार असू द्या.